गाडी जावयाच्या हातात, चलन सासऱ्याच्या नावावर

प्रश्न: मी विश्रामबाग, सांगली इथे राहतो, निवृत्त आहे. माझ्या नावावर एमएच १० ची वॅगनआर आहे. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात मोबाइलवर तीन चलनांचे मेसेज आले. पहिलं वॅगनआरचं, साताऱ्यात राजपथावर नो पार्किंग, ५०० रुपये. त्या दिवशी गाडी जावई घेऊन गेले होते. ते म्हणतात, मोती चौकात कंदी पेढे घेण्यापुरते पाच मिनिटं थांबलो, मुलगी गाडीतच बसली होती आणि तिथे बोर्डही नव्हता. दुसरं चलनही वॅगनआरचंच, तेही नो पार्किंगचे ५०० रुपये, पण पुण्यातलं. त्या दिवशी गाडी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून हललेलीसुद्धा नाही. तिसरं ॲक्टिवाचं, मिरज स्टेशनजवळचं, तेही नो पार्किंगचंच, ५०० रुपये. ती ॲक्टिवा मी तीन वर्षांपूर्वी मिरजेतल्या एकाला विकली, टीटी (नाव हस्तांतराच्या) फॉर्मवर सह्या करून दिल्या, पैसे घेतले आणि विषय संपला असं समजलो. शेजारी सांगतात, भरू नका, सहा महिन्यांनी चलन आपोआप रद्द होतं, नाहीतर लोकअदालतीत निम्म्यात मिटतं. गाडी मी चालवत नसताना दंड माझ्या नावावर कसा? आणि भांडायचं तर कुठे, कसं?

उत्तर: आज तीनपैकी एकही चलन भरू नका. दंड भरणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तडजोड करणं, आणि तडजोड झाली की प्रकरण तिथेच मिटतं. नंतर कितीही पुरावे घेऊन गेलात तरी ‘मग भरलंत कशाला?’ हाच प्रश्न समोर येतो. पुण्याच्या चलनाचे ५०० रुपये कटकट नको म्हणून भरून टाकावेत असं वाटेल. पण तिन्हींतलं तेच भरणं सगळ्यात महागात पडू शकतं. ते का, ते पुढे येईलच.

मेसेजमधल्या लिंकवरही बोट ठेवू नका. चलनाच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर एपीके (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाइल पाठवून बँकखाती रिकामी करण्याचा धंदा सध्या जोरात आहे. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करा: महाट्रॅफिकईचलन डॉट जीओव्ही डॉट इन. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकले की त्या गाडीवरची राज्यभरातली पोलिसांची चलनं दिसतात. महाट्रॅफिक ॲपवरही तेच दिसतं. आरटीओच्या पथकाने केलेलं चलन केंद्राच्या परिवहन ई-चलन पोर्टलवर सापडतं. दोन्हीकडे नसेल तर मेसेजवर विश्वास ठेवू नका. चुकून फाइल उघडली गेली असेल तर फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

चलन उघडल्यावर आपली नजर आधी रकमेवर जाते. ती राहू द्या. चलन क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण, कलम आणि फोटो या गोष्टी उतरवून घ्या, फोटो डाउनलोड करून ठेवा. यातलं कलम बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि भांडणाचा सगळा जीव तिथेच असतो. कलम १२२ म्हणजे धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवणं. कलम ११९ म्हणजे फलकाने घातलेली मनाई मोडणं. दोन्हींचा दंड कलम १७७ खाली: पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, त्यानंतर १५०० रुपयांपर्यंत. कलम १७९ वेगळं आहे, ते पोलिसाचा आदेश न पाळल्याबद्दलचं, आणि तिथे दंड २००० रुपयांपर्यंत जातो. रिकाम्या उभ्या गाडीवर १७९ लागलं असेल तर आदेश कुणी, कुणाला, कधी दिला, हा प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे. १५०० रुपये लागले असतील तर आधीचं चलन कोणतं ते शोधा. कधी कधी ते आधीचंच चुकीचं निघतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. कलम १२२ चं बोट मालकाकडे नाही, गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे आहे. पण पोलिसाच्या मशिनला गाडीत कोण होतं ते दिसत नाही, नंबर तेवढा दिसतो, आणि नंबरामागे आरटीओच्या दप्तरात तुमचं नाव आहे. कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक. म्हणून पहिलं उत्तर तुमच्याकडूनच मागतात. कलम १३३ सांगतं की अधिकार असलेल्या पोलीस अधिकाऱ्याने मागणी केली की मालकाने चालकाचं नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती द्यायची. जवळ आहे ती, आणि थोडी खटपट करून मिळेल तीसुद्धा. किल्ली आपल्या हाताने दिलेली असताना ‘मला माहीत नाही’ हे उत्तर चालत नाही. माहिती दडवली तर कलम १८७ लागतं आणि त्यात कैदेचीही तरतूद आहे. थोडक्यात, ‘मी चालवत नव्हतो’ हे अर्धंच वाक्य झालं. उरलेलं अर्धं म्हणजे ‘अमुक चालवत होते, त्यांचा लायसन्स नंबर हा’. आणि गाडी टोइंग करून नेली असती तर तो खर्च कलम १२७ प्रमाणे मालकाच्याच माथी आला असता, चालवणारा कुणी का असेना.

साताऱ्याचं चलन

इथे अडचण कायद्यापेक्षा घरातली जास्त आहे. जावईबापूंचं नाव, पत्ता, लायसन्स नंबर असं सगळं पोलिसांना लिहून द्यायचं, तेही ५०० रुपयांसाठी! आमचा सरळ सल्ला: गाडी खरंच चुकीच्या जागी उभी असेल तर या वाटेला जाऊ नका. चलन नंबर मुलीला पाठवा; पोर्टलवर दंड कुणीही भरू शकतो, मालकानेच भरला पाहिजे असं नाही. नाव द्यायचंच ठरलं तर खरंच द्या. नातवाचं, भाच्याचं किंवा ड्रायव्हरचं नाव सोयीने पुढे करू नका. ज्याचं नाव द्याल त्याच्याकडे लायसन्स नसेल तर गाडी त्याच्या हाती दिली म्हणून कलम १८० खाली ५००० रुपयांचा दंड तुमच्यावर येतो. तो अल्पवयीन निघाला तर कलम १९९अ: मालक किंवा पालकाला २५,००० रुपये दंड, ३ वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द.

जावयांनी सांगितलेली तीन कारणं तपासू.

पाच मिनिटं थांबलो. हे कारण म्हणून टिकत नाही. अडथळा व्हायला एक मिनिटही पुरतं आणि मोती चौकाकडच्या गर्दीत तर त्याहून कमी.

मुलगी गाडीत होती. ती स्टिअरिंगवर होती का आणि तिच्याकडे लायसन्स आहे का? दोन्ही ‘हो’ असेल तर ‘गाडी लगेच हलवता आली असती, पण कुणी सांगितलंच नाही’ असं म्हणता येतं. तरीही ते दंड सौम्य करण्यासाठीचं म्हणणं आहे, चूक पुसणारं नाही. ती शेजारच्या सीटवर पेढ्यांची वाट बघत बसली असेल तर या मुद्द्याचा उल्लेखही करू नका. उलट गाडी उभी होती याची कबुली मात्र जाते.

बोर्ड नव्हता. यात दम असू शकतो, पण कलमावर अवलंबून. चलन ११९ चं असेल तर फलक हवाच. फलक फ्लेक्समागे झाकला गेला असेल, वाकून उलटा झाला असेल, किंवा गाडी ज्या दिशेने आली तिकडून दिसतच नसेल, तर तो मुद्दा लावून धरता येतो. त्यासाठी कुणीतरी साताऱ्यात जाऊन त्याच जागेचे फोटो काढायला हवेत. एक फोटो लांबून घ्या, त्यात चलनाच्या फोटोतलीच एखादी दुकानाची पाटी किंवा विजेचा खांब आला पाहिजे. मग रस्त्याच्या दोन्ही दिशांनी एकेक. नुसत्या रिकाम्या खांबाचा जवळून घेतलेला फोटो कुठलाही असू शकतो. हे काम लवकर उरका, कारण बोर्ड नाही अशी तक्रार गेली की बोर्ड बसायला वेळ लागत नाही.

पण चलन १२२ चं असेल तर ‘बोर्ड नव्हता’ एवढ्याने सुटका नाही. मोटार वाहन चालनासंबंधीच्या २०१७ च्या विनियमांनी काही जागा फलक असो वा नसो बंदच ठेवल्या आहेत: फूटपाथ, पादचारी पट्टा, चौकाचं तोंड, बसथांब्याजवळ, शाळा-दवाखान्याच्या दारासमोर, कुणाच्याही गेटसमोर. फोटोत गाडीचं एक चाक जरी फूटपाथवर दिसत असलं तरी बोर्डाची चर्चा संपली.

पी-१, पी-२ असलेल्या रस्त्यावर मात्र चलनाची तारीख आणि फोटोतली बाजू नक्की ताडून बघा. सम तारखेला एक बाजू, विषम तारखेला दुसरी. चुका इथे दोन्हीकडून होतात. यापलीकडे खरोखर चालणारी कारणं मोजकी आहेत. गाडी बंद पडली होती आणि मेकॅनिकचं त्या वेळेचं बिल आहे. पेशंट होता आणि दवाखान्याचा केसपेपर आहे. पे-अँड-पार्कची पावती आहे. जागा सोसायटीच्या किंवा खासगी आवारातली आहे, म्हणजे कायद्याच्या अर्थाने सार्वजनिक नाहीच. किंवा एकाच वेळच्या एकाच पार्किंगवर दोन चलनं पडली आहेत. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. कलम ११९ आणि बोर्ड खरंच नाही, एवढं जुळलं तर तक्रार करा. नाहीतर ५०० रुपये पेढ्यांच्या हिशोबात धरा.

पुण्याचं चलन

इथे मात्र मागे हटू नका.

फोटो मोठा करून बघा. पहिली शक्यता टायपिंगची चूक. वाहतूक पोलीस मशिनमध्ये नंबर हाताने टाकतात. ३ चा ८, १ चा ७, एमएच १२ ऐवजी एमएच १०, सिरीजचं एक अक्षर इकडचं तिकडे, एवढ्याने चलन सांगलीला येतं. फोटोत वॅगनआर नसून दुसरीच गाडी असेल किंवा नंबर स्पष्ट वेगळा असेल, तर काम सोपं आहे. चलनाचा फोटो आणि तुमच्या आरसीचा फोटो शेजारी शेजारी लावून तक्रार टाका; मॉडेल आणि रंग आरसीवर लिहिलेले असतातच.

दुसरी शक्यता वाईट: फोटोत वॅगनआरच आहे, नंबरही तुमचाच आहे, पण गाडी तुमची नाही. म्हणजे कुणीतरी तुमच्या नंबरची डुप्लिकेट प्लेट लावून फिरतंय. म्हणूनच हे चलन गुपचूप भरायचं नाही. आज ते नो पार्किंगचं आहे, उद्या त्याच गाडीने कुणाला ठोकर दिली किंवा ती एखाद्या गुन्ह्यात वापरली गेली, तर पोलीस विश्रामबागेतच येणार. आणि आधीचं चलन तुम्ही निमूट भरलेलं असेल तर ‘पुण्यातली ती गाडी माझीच’ असं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं.

गाड्यांमधला फरक कुठे शोधायचा? बंपरवरचे ओरखडे, चाकांच्या टोप्या, मागच्या काचेवरचा स्टिकर, व्हेरिएंटचं अक्षर, छतावरची रेल, टेललाइटची घडण. नंबरप्लेटही बघा. एचएसआरपी (सरकारमान्य हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) असेल तर डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा चमकता होलोग्राम, त्याखाली निळ्या रंगात आयएनडी आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो. बनावट प्लेटवर बहुतेकदा नुसता छापील देखावा असतो. तुमच्या गाडीचे चारही बाजूंनी, दिवसाच्या उजेडात फोटो काढा आणि फरकाच्या जागी लाल गोल करा. तक्रार बघणाऱ्याकडे तुमच्यासाठी फार वेळ नसतो. एका नजरेत दिसलं पाहिजे.

मग गाडी त्या वेळी सांगलीत होती याचा पुरावा. लोक फास्टॅगचं स्टेटमेंट लावतात आणि त्यात टोल कापलेला नाही म्हणून निर्धास्त होतात. ते उपयोगी आहे, पण एकटं पुरत नाही. पेठ नाक्यावरून पुण्याला जाताना तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर असे तीन टोलनाके लागतात, आणि तिन्हींवर नोंद नाही ही गोष्ट बोलकी आहेच. तरी आडवाटेने गेला असाल असं कुणीही म्हणू शकतं. गाडी कुठे नव्हती यापेक्षा कुठे होती हे दाखवणारा कागद वजनदार ठरतो. सोसायटीच्या सीसीटीव्हीचं त्या तासाचं फुटेज सगळ्यात चांगलं; पण बहुतेक सोसायट्यांत ते काही दिवसांतच पुसलं जातं, म्हणून हे उत्तर वाचून झाल्यावर पहिला फोन सेक्रेटरींना करा. त्या दिवशी गाडी सर्व्हिसिंगला असेल तर गॅरेजचं जॉबकार्ड, त्यावर किलोमीटरचा आकडा असतो. पीयूसी काढली असेल तर प्रमाणपत्रावर तारीख, वेळ आणि नंबरप्लेटचा फोटोही असतो. फास्टॅगचं स्टेटमेंट त्यांच्या जोडीला लावा.

डुप्लिकेट प्लेट दिसत असेल तर पोर्टलवरच्या तक्रारीवर थांबू नका. विश्रामबाग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, त्या पोचेची प्रत सांगलीच्या आरटीओ कार्यालयात अर्जासोबत द्या आणि मग तीच पोच चलनाच्या तक्रारीला जोडा. पुढे काही झालंच तर तारीख तुमच्या बाजूने बोलेल.

तक्रार कुठे आणि कशी

महाट्रॅफिक ॲपवर गाडी जोडून चलन उघडलं की त्यावर तक्रार नोंदवता येते. फोटो जोडा आणि तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. निर्णय चलन करणाऱ्या घटकाकडून होतो, म्हणून सांगलीच्या वाहतूक शाखेत जाऊन पुण्याच्या चलनावर वाद घालण्यात अर्थ नाही. ते फार तर वाट दाखवतील. ऑनलाइन उत्तर आलं नाही तर त्या त्या शहराच्या वाहतूक शाखेला अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. साताऱ्याला प्रत्यक्ष जाणार असाल तर दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का मारून घ्या.

मुदतीबाबत इतकंच: चलनावर किंवा नोटिशीवर जी तारीख छापली आहे तीच धरा. हे नियम अलीकडे बदलत आले आहेत, तेव्हा शेजाऱ्यांचा जुना अनुभव कामाचा नाही.

मजकूर पाच-सहा ओळींचा पुरे. नमुना असा:

‘चलन क्रमांक अमुक, दिनांक व वेळ अमुक, ठिकाण पुणे. सदर वेळी माझे वाहन विश्रामबाग, सांगली येथील सोसायटीच्या आवारात उभे होते. चलनाच्या छायाचित्रातील वाहन व माझे वाहन यांत पुढील फरक आहेत: एक, मागील बंपर; दोन, चाकांच्या टोप्या. सोबत माझ्या वाहनाची चार छायाचित्रे, आरसीची प्रत, सीसीटीव्ही चित्रण व फास्टॅगचे स्टेटमेंट जोडले आहे. पोलीस ठाण्यातील तक्रारीची पोच सोबत आहे. सदर चलन माझ्या वाहनावरून रद्द करावे, ही विनंती.’

पोलिसांना वसुलीचं टार्गेट असतं, आम्ही ज्येष्ठ नागरिक आहोत, आजवर कधी नियम मोडला नाही, रस्त्यात खड्डे आहेत, यातलं एकही वाक्य अर्जात नको. खरं असलं तरी नको. वाचणाऱ्याला एकच गोष्ट ठरवायची असते: ही गाडी ती गाडी आहे की नाही. साताऱ्याचा आणि पुण्याचा अर्जही एकत्र करू नका. एकात ‘गाडी तिथे होती, पण’ म्हणायचं आहे, दुसऱ्यात ‘गाडी तिथे नव्हतीच’. दोन्ही एका कागदावर आले की दोन्हींवरचा विश्वास उडतो.

मूळ फोटो किंवा नो पार्किंगची अधिसूचना हवी असेल तर माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘अमुक चलनाचे मूळ छायाचित्र, ते काढल्याची वेळ आणि चलन तयार केल्याची वेळ’ असं नेमकं मागा. या दोन वेळांतलं अंतर बघण्यासारखं असतं. खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर सवडीने चलन टाकू नये, अशी सूचना राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांनी २०२५ मध्ये दिलेली आहे.

तक्रार फेटाळली गेली तर?  प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाऊ शकतं. तिथे गुन्हा कबूल नाही म्हणालात की सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर पडतो. फोटो हा इलेक्ट्रॉनिक पुरावा असल्याने त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यातलं ६५ब ते हेच. हे सगळं खरं, पण वकिलाची फी आणि पुण्याच्या खेपा धरल्या तर ५०० रुपयांचा हिशोब केव्हाच बुडालेला असतो. डुप्लिकेट प्लेटच्या प्रकरणात हा खर्च करावा. साताऱ्याच्या प्रकरणात करू नये.

शेजाऱ्यांच्या दोन्ही सल्ल्यांत थोडं थोडं तथ्य आहे आणि म्हणूनच ते फसवे आहेत. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल सहा महिन्यांनंतर न्यायालयाने घेऊ नये, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४ सांगतं. पण कलम ५१९ प्रमाणे उशिराचं कारण पटलं तर न्यायालय ती मुदत वाढवू शकतं. शिवाय हा न्यायालयात मांडायचा बचाव आहे. पोर्टलवरचं चलन त्याने आपोआप पुसलं जात नाही, आणि गाडी विकायला काढलीत की घेणारा पहिल्यांदा तेच बघतो. लोकअदालत ही तडजोडीची जागा. रक्कम निम्मी होईलच असं कुणी लिहून देत नाही, आणि तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. ‘चूक झाली, मिटवून टाकू’ म्हणणाऱ्याला ती सोयीची आहे. पुण्याचं चलन तिथे नेऊ नका.

ॲक्टिवा

रकमेच्या मानाने सगळ्यात मोठा धोका इथे आहे, आणि चलन आलं म्हणून तो निदान कळला तरी.

टीटी फॉर्मवर सह्या करून ते घेणाऱ्याच्या हातात देणं म्हणजे आरटीओला कळवणं नव्हे. फॉर्म २९ ही विकणाऱ्याने द्यायची सूचना, फॉर्म ३० हा घेणाऱ्याचा अर्ज. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. प्रत्यक्षात सह्या केलेले कोरे फॉर्म डिकीत पडून राहतात. घेणारा तीच गाडी त्याच फॉर्मांवर तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला. दप्तरात मालक तुम्हीच.

नो पार्किंगचे ५०० रुपये क्षुल्लक आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात असाच प्रश्न सोडवला: गाडी हातोहात विकली गेली, नोंदणी पहिल्याच्याच नावावर राहिली, अपघात झाला. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीकृत मालकावर टाकली. गाडीचा इन्शुरन्स चालू नसेल तर अशी रक्कम कंपनी भरत नाही, ती तुमच्या घरातून जाते.

तेव्हा क्रम असा ठेवा. एम-परिवहन ॲपवर ॲक्टिवाचा नंबर टाका. मालकाच्या नावाची अक्षरं आणि इन्शुरन्स कधीपर्यंत आहे ते दिसेल. विक्रीचे पुरावे गोळा करा: विक्रीची पावती, घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स, पासबुकातली पैसे आल्याची नोंद, त्या वेळचे व्हॉट्सॲप मेसेज. तीन वर्षांपूर्वीचं पासबुक फाटलं असेल तर बँक स्टेटमेंट काढून देते. मग घेणाऱ्याला गाठा. तो तयार असेल तर दोघांनी मिळून परिवहन पोर्टलवर नाव हस्तांतराचा अर्ज करा किंवा सांगली आरटीओत जा. आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, दोघांची ओळखपत्रं, फॉर्म २९ आणि ३० लागतील. गाडीवर कर्ज होतं आणि बोजा उतरवलेला नसेल तर फॉर्म ३५ सुद्धा; तीन वर्षांनी फायनान्सवाल्याकडून तो मिळवताना दमछाक होते, त्याची तयारी ठेवा. फी आणि उशिराचा भुर्दंड घेणाऱ्याने द्यायला हवा, पण तो कुरकुरला तर तुम्ही भरून मोकळे व्हा.

तो टाळाटाळ करत असेल किंवा त्याने गाडी पुढे विकली असेल, तर त्याला स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवा. त्याची प्रत, विक्रीचे पुरावे आणि नव्याने भरलेला फॉर्म २९ जोडून आरटीओला अर्ज करा. १४ दिवसांची मुदत केव्हाच गेली आहे, तरी करा. निदान आजपासून पुढे ‘मी कळवलं होतं’ असं दाखवायला एक तारीख मिळते. गाडी आता कुणाकडे आहे हेच कळत नसेल तर मिरजेच्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या.

एवढं झालं की मिरजेच्या चलनावर तक्रार टाका. त्यात गाडी विकल्याची तारीख आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहा. कलम १३३ मागतं ती माहिती हीच. आरटीओच्या अर्जाची पोच सोबत जोडा. हस्तांतर पूर्ण होईपर्यंत ॲक्टिवाच्या नोंदीवरचा तुमचा मोबाइल नंबर मात्र बदलू नका. तिच्यावरची चलनं तुम्हाला कळतात ती त्यामुळेच.

इन्शुरन्स संपलेला दिसला तर बाकी सगळ्याच्या आधी तेवढं करा: घेणाऱ्याला आजच्या आज थर्ड पार्टी पॉलिसी काढायला लावा. तो ऐकत नसेल तर गाडी विनाविमा रस्त्यावर आहे हे आरटीओच्या आणि पोलीस ठाण्याच्या अर्जात पहिल्या ओळीत लिहा.